बिनझाकणाचं विमान

उमाकांत वझे विमानं बनवतो, असं त्याच्या पुण्याच्या नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक होतं. खरी गोष्ट जरा आखूड होती. बंगळूरच्या विमान कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात तो झाकणं काढायचा. विमान उडालं की चाकं पोटात घेतं, आणि चाकं आत गेली की त्या कप्प्यावर एक झाकण बसतं. ते झाकण, त्याच्या बिजागऱ्या, त्याची खिटी, त्याची गोलाई, एवढं उमाकांतचं. लग्न झालं त्या सुमारास साहेबांनी त्याला हे काम दिलं आणि मुलगी चौथीत गेली तरी ते त्याच्याकडेच होतं. विमानं बदलली, साहेब बदलले, झाकण काही सुटलं नाही. नाक एकाने काढायचं, शेपूट दुसऱ्याने, पंखांना तर अख्खं दालन. पुरं विमान एका माणसाचं कधी नसतंच, हे त्याला कळत होतं. पण कळलं म्हणून सल जातो थोडाच.

ऑफिसात दोन वझे होते, म्हणून याला झाकण-वझे म्हणायचे. तो हसून घ्यायचा. हसून घेणाऱ्या माणसाला लोक आणखी चार वेळा तेच म्हणतात, हे काही मी सांगायला नको.

मल्लेश्वरमच्या घरावरून कारखान्याचं विमान गेलं की तो मुलीला, अलकाला, गच्चीत न्यायचा. "ते बघ. त्याचं झाकण माझं." अलका मान ताणून बघायची. आता, उडत्या विमानाचं झाकण बंद असतं, आणि नीट बसलेलं झाकण दिसतच नाही. याची झाकणं तर फारच नीट बसायची. तेव्हा पोरीला दिसायचं काय, कपाळ. पण ती गुणाची होती. "दिसलं," म्हणायची.

एकसष्ट साली माणूस आभाळाच्या पलीकडे जाऊन परत आला आणि उमाकांतच्या डोक्यात एक विमान घर करून बसलं. त्याला धावपट्टी लागत नव्हती. ते उभंच्या उभं चढणार, ढगांत पंखांवर तरंगणार, आणि मनात आलं तर चंद्रावर जाऊन पोटावर बसणार. पोटावर बसणार म्हणजे चाकं नाहीत. चाकं नाहीत म्हणजे झाकण नाही. हे शेवटचं त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण सगळ्या विमानात त्याला सर्वांत गोड वाटायचं ते हेच. जेवताना तो ताटातल्या भातावर बोटाने त्याचा आकार काढायचा.

"आधी आमटी संपवा," विद्या, त्याची बायको, म्हणायची. "मग जा चंद्रावर. दुधवाल्याला सांगून ठेवते तुमचं दूध बंद करायला."

गणपती उठले आणि नंदकिशोर जर्मनीहून परत आला. नंदकिशोर म्हणजे उमाकांतच्या शेजारच्या टेबलावरचा, वयाने लहान, साहेबांचा लाडका. शिकायला म्हणून वर्षभर हँबर्गला राहिला आणि येताना तिकडची थंडी बरोबर घेऊन आला असावा, कारण बंगळुरात भर दुपारीही तो ओव्हरकोट घालून हिंडायचा. पण माणूस मनाचा वाईट नव्हता. अलकासाठी त्याने एक खोका आणला. आत प्लास्टिकच्या विटा. पांढऱ्या, लाल, थोड्या निळ्या. प्रत्येक विटेच्या डोक्यावर बटणांसारखे उंचवटे आणि खालून पोकळ. एकीवर दुसरी दाबली की खट्ट आवाज करून बसायची आणि ओढल्याशिवाय सुटायची नाही. खोक्याच्या झाकणावर एक घर होतं. पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, दारात एक पोरगी उभी.

अलकाने ते घर बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. वझ्यांनी आजवर भाड्याच्याच घरांत दिवस काढले होते. आधी यशवंतपूरला मालगाड्यांच्या शेजारी, मग इथे वरच्या मजल्यावर.

उमाकांतने एक वीट उचलली, दुसरीवर दाबली. खट्ट. पुन्हा काढली, पुन्हा दाबली. आणि त्याला बाहेरचं काही ऐकू येईनासं झालं. ऑफिसात कागदावर रेघ ओढली की तिची वस्तू होऊन यायला दोन साहेब आणि तीन खाती मधे पडायची. इथे मधे कुणीच नव्हतं.

"अलका," तो म्हणाला, "या विटा मला दसऱ्यापर्यंत देशील?"

चौथीतली मुलगी बापाकडे बघत राहिली. बापाने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"मग परत देणार?"

"दसरा झाला की सगळ्या विटा तुझ्या."

"सगळ्या?"

"एकूण एक. शप्पथ."

"घ्या की खुशाल," विद्या आतून म्हणाली, "पोरीचं खेळणं पळवणारा बाप आमच्याच नशिबी होता." पण तिने जेवणाच्या खोलीतलं टेबल रिकामं करून दिलं आणि स्वतः पाट मांडून खाली बसायला लागली. बायका बोलतात एक आणि करतात एक, म्हणून तर संसार चालतात.

दसऱ्यापर्यंत का, तर खाली सगुणाअक्का राहायच्या म्हणून. सगुणाबाई या घराच्या मालकीण. त्यांचं घराणं तीनशे वर्षांमागे फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. मराठी बोलायच्या, पण त्यात कानडी अशी मुरलेली की वेगळी काढता यायची नाही. नवरात्रात त्या इथल्या चालीप्रमाणे गोंबे मांडायच्या. गोंबे म्हणजे बाहुल्या. दिवाणखान्यात पायऱ्या रचायच्या, वर पांढरं धोतर अंथरायचं, सगळ्यांत वरच्या पायरीवर रक्तचंदनाचे राजा-राणी, मग देव, मग लग्नाची वरात, आणि तळाशी शेट्टी आणि शेट्टीण, पुढ्यात तांदूळ-डाळीच्या राशी मांडून दुकान लावून बसलेले. साऱ्या मल्लेश्वरमच्या बायका बघायला यायच्या. अक्कांच्या पायऱ्यांवर दरवर्षी एक तरी नवीन गोंबे असलंच पाहिजे असा त्यांचा नेम होता.

उमाकांतने मनाशी ठरवलं होतं. विमान करून टेबलावर ठेवलं तर ते खेळणं. अक्कांच्या पायरीवर बसलं तर ते विमान.

"बसवीन की हो इंजिनेर," अक्का म्हणाल्या. तो इंजिनियर नव्हता, पण त्यांना सांगून थकला होता. "पण पुरं पाहिजे. नाक नाही, हात मोडलाय, पुढच्या साली करतो, असलं मला चालत नाही. घट बसायच्या दिवशी पुरं असलं तर बसवीन. आणि एकदा बसवलं म्हणजे बसवलं."

'पुरं' एवढा एक शब्द उमाकांतने ऐकला. पुढचं वाक्य कानावरून गेलं.

मग सुरू झालं. संध्याकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर सोडायची, तो हातपाय धुवायचा, चहाचा कप हातात घेऊनच टेबलाशी बसायचा. अंग लवकर जमलं. लाल विटांचं लांबट पोट, निळ्या विटांचं नाक, खिडकीचे तुकडे होते ते समोर वैमानिकासाठी. मागे उंच शेपूट. पण पंखांनी त्याच्या नाकी नऊ आणले. विटा सगळ्या चौकोनी. पंख वर वळवायचा तर एकीवर एक सरकवत जायचं, आणि मग व्हायचा जिना. एकदा अक्का वर भाडं न्यायला आल्या आणि चष्मा सारखा करत म्हणाल्या, "छान झालंय. हा जिना कुठं जातो?"

त्याने पंख मोडला. पुन्हा केला. पुन्हा जिना. तिरका केला, उलटा केला, रविवारचा सगळा दिवस घालवला. अलका समोर हनुवटी टेकून बसायची. तिने एकदाच विचारलं, "बाबा, झाकण कुठे करणार?"

"याला झाकण नाही."

"का?"

"चाकंच नाहीत ना."

अलकाने हनुवटी पुन्हा टेबलावर टेकली. तिचा चेहरा जरा पडला, पण ते बघायला बापाला सवड कुठे होती.

घट बसायला थोडे दिवस उरले तेव्हा, पायरीवर पंखांना जागा किती हे बघावं म्हणून त्याने पंखांच्या सगळ्या पांढऱ्या विटा टोपलीत घालून खाली नेल्या. माप घेतलं, तेवढ्यात बसची वेळ झाली, आणि टोपली अक्कांच्या ओसरीवर तशीच राहिली.

आता अक्कांचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. घरात नवीन आलेली बाहुली पायरीवर चढण्याआधी न्हाऊ घालायची, ही त्यांच्या सासूची, आजेसासूची रीत. मातीची असली तर ओल्या फडक्याने पुसायची, लाकडाची असली तर पाण्यातून काढायची. ही तर सातासमुद्रापलीकडून आलेली, कुणाकुणाचे हात लागलेली वस्तू. न्हाणीघरातला हंडा सकाळपासून रटरटत होता. अक्कांनी शिकेकाई लावली, टोपली घंगाळात रिकामी केली आणि वरून कढत पाणी ओतलं. चांगलं दोनदा ओतलं. मग पंच्यावर विटा वाळत घातल्या आणि समाधानाने पोहे खाल्ले.

संध्याकाळी उमाकांत आला तेव्हा त्याच्या विटा ओसरीवर मांडलेल्या होत्या. आणि एकही सरळ नव्हती. कुणी कण्यातून वाकलेली, कुणी टोकाला उचललेली, उन्हात ठेवलेल्या पापडांसारख्या. त्याने एक वीट दुसरीवर दाबली. खट्ट झालं नाही. घसरली आणि खाली पडली.

"स्वच्छ झाल्या की नाही?" अक्का आतून म्हणाल्या.

उमाकांतने पडलेली वीट उचलली. तो ओसरीच्या पायरीवर बसला. अक्का बाहेर आल्या, त्याच्याकडे बघितलं, मग विटांकडे बघितलं, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. बाई तोंडाने फटकळ, पण असत्य बोलायची नाही. "माझ्या हातनं झालं की हे," म्हणाल्या. "पोरीच्या होत्या ना?"

पोरीच्याच होत्या. खोक्यावरच्या घराच्या पांढऱ्या भिंती होत्या त्या. अलका वरून जिना उतरून आली, एक वीट उचलून तिने डोळ्यापुढे धरली. रडली नाही. "मग माझं घर आता सगळं लाल करायचं," ती म्हणाली. उमाकांतला वाटलं, हिने रडायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

विद्या म्हणाली, "आता पुरे झालं. उरलेल्या तिच्या तिला देऊन टाका. पुढच्या वर्षी लाकडाचं करा काहीतरी."

तो हो म्हणाला. जेवला. आणि जेवून उठला तो थेट टोपलीपाशी. हातपाय गाळून बसायचं तर झाकणाच्या टेबलाशी बसावं, तिथे त्याचा पगार मिळतो. त्याने सगळ्या वाकड्या विटा टेबलावर ओतल्या आणि एकेक बघायला लागला. सरळ विटेवर वाकडी बसत नव्हती, हे खरं. पण वाकडीवर वाकडी? एक घेतली, दुसरी लावली, नाही. तिसरी लावली, नाही. चौथी लावली, आणि ती खट्ट झाली.

तो हसला. मग त्याने कंबर कसली.

दुसऱ्या दिवसापासून अक्का चष्मा लावून वर यायला लागल्या. "बिघडवलं मी, बसून बघत राहू काय?" थोड्या वाकलेल्या एका ताटात, जास्त वाकलेल्या दुसऱ्या ताटात. मग जोडी जमवायची. अक्कांना तो उद्योग मुलींची स्थळं बघितल्यासारखा वाटायला लागला. "ही गर्विष्ठ, हिला कुणी नको. ही बघा, स्वल्प वाकडी, हिला तो चालंल." विद्यासुद्धा हात पुसत येऊन बसायची आणि चार जुळवून जायची. बोलायची मात्र तेच, की घरातली बाकी कामं चंद्रावरचे लोक येऊन करणार आहेत वाटतं.

हळूहळू पंख व्हायला लागला. मुळाशी, जिथे तो लाल पोटाला लागायचा, तिथे जेमतेम वाकलेल्या विटा, सरळ विटेला धरतील एवढ्याच. पुढे जाल तशा वाकड्या, आणि टोकाला सगळ्यांत हट्टी. जिना नव्हता. पंख मुळापासून निघून सावकाश वर उचलला गेला होता, जसा हात देताना हात उचलतो. असा पंख ऑफिसातल्या अख्ख्या दालनात कुणी काढला नव्हता. उमाकांतने ही रेघ कागदावर काढायचं ठरवलं असतं तर त्यालाही सुचली नसती. त्याने विमान हातांत फिरवून बघितलं. आपण केलेलं, नाकापासून शेपटापर्यंत, सगळं आपलं.

घट बसले त्या सकाळी विमान तळच्या पायरीवर, शेट्टी-शेट्टिणीच्या शेजारी बसलं. अक्कांनी त्याला गंध लावलं, अक्षता वाहिल्या. मग नऊ दिवस बायका येत राहिल्या, आणि उमाकांत संध्याकाळी जिन्याच्या वळणावर वर्तमानपत्र धरून बसत राहिला. वर्तमानपत्र कुठलं वाचतोय, कान खाली.

"हे इंजिनेरांचं विमान," अक्का उसळीचा द्रोण हातात देत सांगायच्या. "चंद्रावर जातं. शेट्टींची तूरडाळ घेऊन."

"खालती चाकं नाहीत की हो अक्का."

"चंद्रावर रस्ते नाहीत, चाकं काय करायचीत?"

नंदकिशोरही आला, ओव्हरकोटासकट. पायरीसमोर उकिडवा बसून त्याने पंखाखालून, पोटाखालून, शेपटामागून सगळं बघितलं. पंखाजवळ जरा जास्तच थांबला. मग उठून म्हणाला, "वझे, पंख झकास आहे. कसा जमवलात?" आणि लगेच हसला, "पण झाकण कुठंय?"

"नाही," उमाकांत म्हणाला. हे एवढं म्हणायला त्याने किती वर्षं वाट बघितली होती. त्या दिवशी तो दोन वाट्या खीर जास्त प्यायला.

दशमीला सोनं वाटून झालं, आणि अक्कांनी चालीप्रमाणे रक्तचंदनाच्या राजाला हलकेच आडवं करून निजवलं. सण संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुल्या आवरायला काढल्या. जुन्या साड्यांचे तुकडे, कडुनिंबाचा पाला, मोठी ट्रंक. उमाकांत विमान न्यायला खाली गेला तर अक्का ते मोरपंखी रेशमात गुंडाळत होत्या.

"अक्का, ते माझं..."

"तुमचं कुठलं आता? पायऱ्यांचं ते. बसवलेलं गोंबे मोडत नसतात इंजिनेर. मी तेव्हाच म्हटलं नव्हतं, एकदा बसवलं म्हणजे बसवलं? आता दरसाल बसणार. मी गेले तरी माझ्या सुना बसवणार."

खरं सांगायचं तर उमाकांतला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, अगदी पोटातून झाला. विमान राहणार. कुणी मोडणार नाही. तो म्हातारा होईल, पेन्शनीत निघेल, आणि दरवर्षी बायका विचारतील हे कुणाचं. आणि यात त्याचा काही दोष नव्हता, रीतच तशी. तो जिना चढून वर आला तो जवळजवळ शीळ घालतच आला.

अलका खिडकीशी गृहपाठ करत होती. शेजारी तो विटांचा खोका, घराचं चित्र असलेला. उमाकांतने सहज झाकण उचललं. आत तिच्या पेन्सिली होत्या, रबर, रंगीत खडू, शाळेचा बिल्ला. सगळं नीट लावून ठेवलेलं.

"हे काय गं?"

"खोका रिकामाच होता ना, बाबा," ती म्हणाली, आणि पुन्हा गणितात डोकं घातलं.

तिने मागितल्याच नव्हत्या. दसरा झाला, शपथ होती, आणि तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. अक्कांचं बोलणं तिने आधीच ऐकलं असावं, किंवा ऐकायचीही गरज पडली नसावी. बापाचा शब्द येणार नाही हे धरून तिने खोक्याची सोय लावली होती, आणि तीही न रुसता. उमाकांतला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

तो तसाच खाली गेला.

"अक्का, ते परत द्या. मोडायचंय."

अक्कांचा हात ट्रंकेच्या कडीवर होता. "डोकं ठिकाणावर आहे काय?"

"पोरीला शब्द दिलाय. दसऱ्यानंतर सगळ्या विटा तिच्या."

"शब्द आधीचा, की बसवणं आधीचं?"

"शब्द आधीचा."

अक्कांनी कडीवरचा हात काढला. "मग हे तेव्हाच सांगायचं नव्हतं?" त्यांनी पुटपुटत ट्रंक उघडली, वरच्या चार बाहुल्या काढल्या, मोरपंखी पुडकं काढलं. "सरी, न्या. पण माझी पायरी ओकी राहता कामा नये. पुढच्या साली इथं काहीतरी बसलं पाहिजे. आणि पुरं."

त्याने तिथेच, दिवाणखान्याच्या फरशीवर बसून विमान सोडायला घेतलं. अक्का समोर बसल्या, मधे पडल्या नाहीत. जोडताना विटा जितक्या खुशीने बसल्या होत्या तितक्या खुशीने सुटत नव्हत्या. नाक गेलं. खिडकी गेली. शेपूट गेलं. पोट थराथराने उतरत गेलं, पंख तेवढे अख्खेच सुटून आले. प्रत्येक विटेला त्याचा हात थांबायचा, आणि प्रत्येक वेळी तो पुढे ढकलायचा. एका जागी त्याने डोळे पुसले, आणि अक्कांनी तेवढ्यात पाला गोळा करायला तोंड फिरवलं. बाई फटकळ होती, आंधळी नव्हती.

वर नेऊन त्याने सगळं अलकापुढे ठेवलं. तिने पेन्सिली काढल्या, लाल विटा खोक्यात भरल्या, निळ्या भरल्या. पंख दोन्ही हातांत घेऊन बघितले.

"हे माझ्या घराला बसायचे नाहीत," म्हणाली. "अक्कांकडे ठेवू या?"

तेव्हा मोरपंखी रेशमात नुसते दोन पंख ट्रंकेत गेले. "अर्धवट," अक्का नाक मुरडून म्हणाल्या, पण ठेवले.

वर्षभर अलका घरं बांधत होती. लाल घर, त्याला निळी गच्ची, मग तेच मोडून लांब घर, मग उंच. उमाकांत समोर बसायचा. हात शिवशिवायचे, पण त्याने एकाही विटेला हात लावला नाही. ऑफिसात झाकणं चालूच होती. नवीन विमान आलं होतं, त्याचं झाकण जुन्यापेक्षा अवघड. ते त्याने असं बसवलं की साहेबांना बोट फिरवून सांध शोधावी लागली.

पुढच्या वर्षी घट बसले त्या दिवशी कारखान्याला सुट्टी नव्हती. संध्याकाळी बसमधून उतरून तो घरी आला तर खाली बायकांचा गलका, आणि दारातच अलका उभी. नवा परकर नेसलेली.

"चला," म्हणाली, आणि हात धरून त्याला आत नेलं. पुरुषमाणूस मधे आला म्हणून बायका सरकल्या. विद्या त्यांच्यातच होती. तिला सगळं ठाऊक होतं, हे तिच्या तोंडावरूनच दिसत होतं.

तळच्या पायरीवर, शेट्टीच्या शेजारी, एक लाल घर होतं. निळं छप्पर, खिडकी, दार. आणि घराच्या दोन्ही बाजूंनी ते वाकडे पांढरे पंख निघून सावकाश वर उचलले होते. भिंतीच्या कुठल्या विटेला पंखाचं मूळ धरेल हे तिने कधी शोधून काढलं, त्याला पत्ता लागला नव्हता. टेबलाशी हनुवटी टेकून बसायची ती काय उगाच.

"पुरं आहे," अक्का लांबूनच म्हणाल्या. "मी बघून घेतलंय."

"उडतं हे," अलका त्याला सांगत होती. "घरासकट. म्हणजे कुठे गेलं तरी घर बदलायला नको. पण तुम्ही खाली वाकून बघा ना, बाबा. खालून."

"खाली काय?"

"झाकण केलंय. काडीची बिजागरी आहे. उघडतं."

"पण चाकं कुठायत याला?"

"चाकं नाहीत," अलका म्हणाली. "पण झाकण नसलं तर हे तुमचं आहे ते मला कळणार कसं?"

उमाकांत गुडघ्यांवर बसला आणि सगळ्या बायकांसमोर गाल फरशीला लावून खालून बघायला लागला. घराच्या तळाशी लाल विटा होत्या. झाकण त्यांतच कुठेतरी असणार, नीट बसलेलं. पण त्याचे डोळे असे भरून आले होते की विटा, सांध, बिजागरी, काहीसुद्धा दिसेना.

"दिसलं का?" अलकाने वरून विचारलं.

"दिसलं," तो म्हणाला.